राष्ट्रपतींची निवड आणि राज्यांच्या मताचे मोल

राष्ट्रपतिपदाची निवडणूक जवळ आली की वृत्तपत्रांतून नावांचा बाजार सुरू होतो. कोणाच्या नावाने कोणता प्रांत सुखावेल, कोणत्या समाजाला प्रतिनिधित्व मिळाल्याचे समाधान देता येईल, कोणता लहान पक्ष कोणत्या बदल्यात गळाला लागेल, याचे हिशेब स्तंभच्या स्तंभ भरून मांडले जातात. मात्र ही निवड ज्या यंत्रणेतून होते तिच्यात कोणाच्या मताला किती वजन आहे, ते कोणत्या वर्षीच्या तराजूत तोलले गेले आहे आणि तो तराजू बदलण्याचा अधिकार कोणाच्या हाती आहे, या प्रश्नांची चर्चा क्वचितच होते. श्रीमती द्रौपदी मुर्मू यांनी २५ जुलै २०२२ रोजी शपथ घेतली. पाच वर्षांची त्यांची मुदत जुलै २०२७ मध्ये पुरी होते. जनगणनेची संदर्भ-तारीख त्याच वर्षीच्या १ मार्चला आहे. या दोन तारखांचा परस्परांशी जो संबंध आहे तो सर्वसामान्य वाचकाला सहसा सांगितला जात नाही, आणि देशाच्या संघराज्यात्मक रचनेचा एक मूलभूत प्रश्न तर नेमका त्या संबंधातच दडलेला आहे.

राष्ट्रपतीची निवड जनता थेट करीत नाही. ती निर्वाचकगण करतो. घटनेच्या ५४ व्या अनुच्छेदानुसार संसदेच्या दोन्ही सभागृहांचे निवडून आलेले सदस्य आणि राज्यांच्या विधानसभांचे निवडून आलेले सदस्य मिळून हा गण बनतो. राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नेमलेल्यांना मत नाही. ज्याने नेमले त्यालाच पुन्हा निवडून देण्याचा अधिकार नेमलेल्यांच्या हाती असू नये, ही त्यामागची साधी बुद्धी. विधान परिषदांच्या सदस्यांनाही मत नाही. १९९२ च्या ७० व्या घटनादुरुस्तीने दिल्ली आणि पुदुच्चेरी या दोन विधानसभांचा समावेश करण्यात आला. मतदान गुप्त, पसंतीक्रमाने, म्हणजे एकल संक्रमणीय मताच्या पद्धतीने होते. निवडून येण्यासाठी वैध मतमूल्याच्या निम्म्याहून अधिक मूल्य मिळवावे लागते.

'मतमूल्य' हा शब्द येथे कळीचा आहे. आमदाराचे मत एक असले तरी त्याचे मोल एक नसते. राज्याच्या लोकसंख्येला विधानसभेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागायचे, आलेल्या भागाकाराला पुन्हा एक हजाराने भागायचे, आणि बाकी पाचशेहून कमी नसेल तर त्यात एक मिळवायचा. अशा रीतीने उत्तर प्रदेशच्या आमदाराच्या मताचे मूल्य २०८, तामिळनाडूचे १७६, महाराष्ट्राचे १७५, केरळचे १५२, गोव्याचे २० आणि सिक्कीमचे ७ येते. पुढे सर्व राज्यांच्या मतमूल्यांची बेरीज करून तिला संसदेच्या निर्वाचित सदस्यसंख्येने भागले की खासदाराच्या एका मताचे मूल्य मिळते. २०२२ साली राज्यांची बेरीज ५,४३,२३१ होती, खासदार ७७६, म्हणून प्रत्येक खासदाराचे मत ७०० चे. म्हणजे खासदारांची एकूण बेरीज ५,४३,२०० झाली. केंद्राचे पारडे आणि सर्व राज्यांचे मिळून पारडे असे जवळपास तोडीस तोड ठेवलेले आहे. हा योगायोग नव्हे. ५५ व्या अनुच्छेदात राज्याराज्यांमध्ये एकरूपता आणि राज्ये व केंद्र यांच्यात समतोल, अशी दोन सूत्रे स्पष्ट शब्दांत घातलेली आहेत. मतांचे हे गणित म्हणजे त्या दोन सूत्रांचेच अंकांतले रूप होय.

थेट निवडणुकीचा मोह

घटना समितीत या प्रश्नावर वाद झाला होता. मुंबईत अर्थशास्त्राचे अध्यापन केलेले प्रा. के. टी. शहा यांनी राष्ट्राध्यक्ष प्रौढ मताधिकाराने थेट जनतेने निवडावा, अशी दुरुस्ती मांडली होती. ती फेटाळण्यात आली. पंडित नेहरूंनी जुलै १९४७ मध्ये संघराज्य घटनेच्या चर्चेत या विषयाची जी मांडणी केली तिचा आशय असा, की खरी सत्ता मंत्रिमंडळाकडे आणि कायदेमंडळाकडे राहावयाची आहे. कोट्यवधी मतदारांनी थेट निवडलेला राष्ट्रपती हा त्या सत्तेचा प्रतिस्पर्धी ठरेल. उलट केवळ संसदेने राष्ट्रपती निवडावा तर ज्या बहुमताने पंतप्रधान होतो त्याच बहुमताने राष्ट्रपतीही होईल आणि तो आणखीच बाहुला बनेल. म्हणून राज्यांच्या विधानसभांना या निवडीत सामील करून घेण्यात आले. डॉ. आंबेडकरांनीही थेट निवडणुकीला विरोध करताना मतदारसंघाचा प्रचंड विस्तार आणि राष्ट्रपतीच्या अधिकारांचे मर्यादित स्वरूप यांकडे बोट दाखवले होते. प्रा. शहा स्वतः १९५२ च्या पहिल्या राष्ट्रपती निवडणुकीत उभे राहिले. ज्या अप्रत्यक्ष पद्धतीला त्यांनी विरोध केला होता तिच्यातूनच त्यांना ९२,८२७ मतमूल्य मिळाले आणि डॉ. राजेंद्रप्रसाद ५,०७,४०० मतांनी विजयी झाले.

प्रा. शहांच्या सूचनेमागे लोकशाहीची तळमळ होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु पुढील काळात थेट अध्यक्षाचा आग्रह ज्यांनी धरला त्यांची प्रेरणा तीच होती असे म्हणणे कठीण आहे. १९८० च्या दशकात वसंत साठे यांच्यासारखे सत्ताधारी पक्षाचे नेते अध्यक्षीय पद्धतीचा हिरिरीने पुरस्कार करीत होते, तेव्हा एकाच व्यक्तीच्या हाती देशाची सूत्रे निर्वेधपणे यावीत हा त्याचा व्यावहारिक अर्थ होता. संसदेला उत्तरदायी नसलेला, पैशाच्या आणि प्रचारयंत्रणेच्या बळावर देशभर एकाच वेळी मते गोळा करू शकणारा अध्यक्ष कोणाच्या हिताचा, हे सांगण्यास फार मोठ्या सिद्धांताची गरज नाही. तेव्हा दोष अप्रत्यक्ष निवडीच्या तत्त्वात शोधणे चुकीचे ठरेल.

अमेरिकेतील निर्वाचक मंडळाशी या पद्धतीची गल्लत करण्याची सवय आपल्याकडील इंग्रजी वाचणाऱ्या मंडळींत बरीच रुजलेली आहे. तेथे ५३८ निर्वाचक केवळ त्या एका कामापुरते निवडले जातात. प्रत्येक राज्याला, ते कितीही लहान असले तरी, दोन सिनेटर आणि किमान एक प्रतिनिधी या हिशेबाने किमान तीन निर्वाचक मिळतात, आणि बहुतेक राज्यांत जिंकणारा सगळेच्या सगळे निर्वाचक घेऊन जातो. म्हणून २०१६ साली देशभरात २८ लाखांहून अधिक मते जास्त मिळवूनही हिलरी क्लिंटन पराभूत झाल्या. त्या मंडळाच्या जन्मकाळी दक्षिणेतील गुलामांची तीन-पंचमांश गणना मालकांच्या राज्यांच्या पारड्यात टाकली जात होती, हेही विसरता येत नाही. भारताच्या पद्धतीत लहान राज्याला वाढीव वजन नाही आणि 'जिंकेल त्याला सर्व' हा प्रकारही नाही. येथील अडचण निराळी आहे आणि ती येथेच समजून घ्यावी लागते.

१९६९ चे उदाहरण

ही यंत्रणा म्हणजे निव्वळ शिक्कामोर्तब करणारे कार्यालय नव्हे, हे एकदा तरी लख्खपणे सिद्ध झाले आहे. डॉ. झाकिर हुसेन यांचे ३ मे १९६९ रोजी निधन झाले. काँग्रेस पक्षातील जुन्या धुरिणांच्या गटाने, ज्याला त्या वेळी सिंडिकेट म्हणत, नीलम संजीव रेड्डी यांची उमेदवारी पक्षाच्या वतीने पुढे केली. १९ जुलै रोजी चौदा मोठ्या खासगी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाचा वटहुकूम निघाला. त्यावर हंगामी राष्ट्रपती म्हणून व्ही. व्ही. गिरी यांची सही होती. दुसऱ्याच दिवशी त्यांनी राजीनामा दिला आणि ते अपक्ष म्हणून रिंगणात राहिले. स्वतंत्र पक्ष आणि जनसंघ यांनी चिंतामणराव देशमुखांना उभे केले. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर, मुंबईच्या प्रश्नावर १९५६ साली केंद्रीय मंत्रिपदाचा राजीनामा देणारे अर्थमंत्री, म्हणून महाराष्ट्रात देशमुखांविषयी मोठा आदर होता आणि तो योग्यच होता. परंतु ज्यांच्या अर्थमंत्रिपदाच्या काळात १९५५ साली इम्पीरियल बँकेचे स्टेट बँकेत रूपांतर झाले, त्यांनी बँकांच्या राष्ट्रीयीकरणाला कडाडून विरोध करणाऱ्या पक्षांचा उमेदवार व्हावे, हा त्या निवडणुकीतील एक विलक्षण विरोधाभास होता.

श्रीमती इंदिरा गांधींनी पक्षाच्या सदस्यांना सदसद्विवेकाने मत देण्याचे आवाहन केले. दोन्ही कम्युनिस्ट पक्ष, द्रमुक आणि इतर अनेक गट गिरींच्या पाठीशी होते. पहिल्या पसंतीच्या मोजणीत गिरींना ४,०१,५१५, रेड्डींना ३,१३,५४८ आणि देशमुखांना १,१२,७६९ मतमूल्य मिळाले. विजयासाठी ४,१८,१६९ हवे होते. म्हणजे कोणीच निवडून आलेले नव्हते. मग तळाचे उमेदवार एकामागून एक बाद होत गेले आणि अखेर देशमुखांच्या मतपत्रिकांवरील दुसरी पसंती उघडली गेली. रेड्डींच्या खात्यात जवळपास ९२ हजारांची भर पडली, गिरींच्या खात्यात जेमतेम साडेअठरा हजारांची. तरीही गिरी ४,२०,०७७ वर पोहोचले, रेड्डी ४,०५,४२७ वर राहिले. राष्ट्रपतिपदाच्या इतिहासात दुसऱ्या पसंतीची मते मोजून लागलेला हा एकमेव निकाल आहे.

या निकालाचे अनेक अर्थ लावले गेले आहेत. काँग्रेसमधील फूट त्यातून जवळ आली, हे खरे. श्रीमती गांधींच्या हाती सत्ता एकवटण्याच्या प्रक्रियेला त्यातूनच वेग आला, हेही तितकेच खरे. पण यंत्रणेच्या दृष्टीने त्याचा बोध निराळा आहे. राज्याराज्यांत १९६७ च्या निवडणुकांनी काँग्रेसची मक्तेदारी मोडली होती. कोठे संयुक्त आघाड्या, कोठे प्रादेशिक पक्ष सत्तेवर आले होते. ते सगळे चित्र निर्वाचकगणात उतरले आणि म्हणूनच राष्ट्रपतीची निवड ही सत्ताधारी पक्षाच्या कार्यकारिणीची घरगुती बाब राहिली नाही. राज्ये जिवंत असतील तर ही निवडणूक जिवंत असते. मतदानाची गुप्तता, आणि पक्षाचा आदेश येथे कायद्याने लागू होत नाही ही गोष्ट, यांनी त्या जिवंतपणाला थोडा आधार दिला आहे. २००७ साली विरोधी आघाडीत असूनही शिवसेनेने श्रीमती प्रतिभा पाटील यांना दिलेला पाठिंबा मराठी माणसाच्या नावाने दिला गेला; कारण काहीही असो, आघाडीची चौकट त्या दिवशी मोडली गेली.

याची दुसरी बाजूही आहे. १९७४ पासून उमेदवारी अर्जावर दहा सूचक आणि दहा अनुमोदक, तर १९९७ पासून प्रत्येकी पन्नास, आणि अनामत रक्कम पंधरा हजार रुपये, अशा अटी आल्या. हौशी उमेदवारांची गर्दी टाळावी हे कारण देण्यात आले आणि ते अगदीच पोकळ नव्हते. १९६७ साली सतरा उमेदवारांपैकी नऊ जणांना एकही मत पडले नव्हते. परंतु त्यामुळे निवडणुकीचा दरवाजा मोठ्या आघाड्यांपुरताच उघडा राहिला. २००२ साली डाव्या पक्षांनी आझाद हिंद सेनेच्या कॅप्टन लक्ष्मी सहगल यांना उभे केले तेव्हा डॉ. अब्दुल कलाम यांच्या ९,२२,८८४ मतांपुढे त्यांना १,०७,३६६ मते मिळाली. निकाल आधीच ठरलेला असताना ती लढत का दिली गेली, असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. गुजरातमध्ये त्याच वर्षी जे घडले होते त्यानंतर सत्ताधारी आघाडीच्या उमेदवाराला मोकळे मैदान द्यायचे काय, हा त्या प्रश्नाला दिलेला प्रतिप्रश्न होता.

मतदारच बरखास्त

निर्वाचकगणाचा अर्धा भाग राज्यांच्या विधानसभांचा आहे. आणि त्या विधानसभा ३५६ व्या अनुच्छेदाखाली बरखास्त करणाऱ्या उद्घोषणेवर सही राष्ट्रपतीचीच असते. ज्यांनी निवडले त्यांनाच निवडलेल्याच्या सहीने घरी पाठवता येते, अशी ही रचना आहे. मे १९५७ च्या राष्ट्रपती निवडणुकीत केरळच्या नव्या विधानसभेचे सदस्य मतदार होते. त्याच विधानसभेच्या विश्वासावर उभे असलेले ई. एम. एस. नंबूद्रिपाद यांचे मंत्रिमंडळ ३१ जुलै १९५९ रोजी बडतर्फ करण्यात आले आणि विधानसभाही विसर्जित झाली. सही डॉ. राजेंद्रप्रसादांची, निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाचा. १९९४ च्या बोम्मई निकालाने या अधिकाराला न्यायालयीन चौकट घातली. क्वचित राष्ट्रपतींनीही हात आखडता घेतला. १९९७ साली उत्तर प्रदेशाबाबतची आणि १९९८ साली बिहारबाबतची शिफारस के. आर. नारायणन यांनी परत पाठवली. पण २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणीच्या कागदावर फक्रुद्दीन अली अहमद यांनी मंत्रिमंडळाच्या निर्णयाचीही वाट न पाहता सही केली होती, हे उदाहरणही त्याच पदाचे आहे. राज्य विधिमंडळांनी मंजूर केलेली आणि राज्यपालांनी राखून ठेवलेली विधेयके ज्या टेबलावर जाऊन थांबतात, ते टेबलही तेच. राष्ट्रपतिपद केवळ शोभेचे आहे असे ज्यांना वाटते त्यांनी राज्यांच्या बाजूने या पदाकडे एकदा पाहावे.

विधानसभा अस्तित्वात नसेल तर काय? हा प्रश्न फार जुना आहे. १९५७ सालीच नागपूरचे डॉ. ना. भा. खरे सर्वोच्च न्यायालयात गेले होते. हिमाचल प्रदेश आणि पंजाबातील काही जागांच्या निवडणुका पुऱ्या व्हायच्या असताना राष्ट्रपती कसा निवडता, असा त्यांचा सवाल होता. त्यांची डाळ शिजली नाही. पुढे १९६१ च्या ११ व्या घटनादुरुस्तीने निर्वाचकगणातील रिक्त जागांच्या कारणावरून निवडणुकीला आव्हान देण्याची वाटच बंद केली. १९७४ साली नवनिर्माण आंदोलनानंतर गुजरातची विधानसभा बरखास्त झालेली होती. सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या अभिप्रायानुसार तिच्यावाचूनच निवडणूक झाली. मुदत संपण्याआधी नवा राष्ट्रपती निवडला गेलाच पाहिजे, हा युक्तिवाद समजण्यासारखा आहे. परंतु त्याचा परिणाम असा, की विधानसभा बरखास्त ठेवणे हे निर्वाचकगण आकसवण्याचे साधनही होऊ शकते आणि त्याविरुद्ध दाद मागता येत नाही.

२०२२ साली नेमके हेच जम्मू-काश्मीरच्या बाबतीत दिसले. २०१७ च्या निवडणुकीत तेथील ८७ आमदारांची मते प्रत्येकी ७२ मूल्याची, एकूण ६,२६४ होती. नोव्हेंबर २०१८ मध्ये विधानसभा बरखास्त झाली, २०१९ साली राज्याचाच दर्जा गेला, आणि २०२२ च्या मतपेटीत तेथील विधानसभेचे एकही मत पडले नाही. देशभरातील प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य ७०८ वरून ७०० वर आले ते या एका गैरहजेरीमुळे. वृत्तपत्रांनी ही घसरण गणितातील एक गंमत म्हणून छापली. एका संपूर्ण प्रदेशाचा आवाज त्या आठ अंकांत गायब झाला होता.

तराजू कोणत्या वर्षीचा?

वर दिलेली सर्व मतमूल्ये १९७१ च्या जनगणनेवर बेतलेली आहेत. तेव्हाची लोकसंख्या सुमारे ५४ कोटी ८१ लाख. २०११ साली ती १२१ कोटींवर गेली होती. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने २००० सालापर्यंत आणि पुढे ८४ व्या दुरुस्तीने २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत हा जुना तराजू कायम ठेवण्यात आला. ४२ व्या दुरुस्तीचे नाव काढले की आणीबाणीतील अनेक काळी कलमे डोळ्यांपुढे येतात, आणि त्याच काळात कुटुंबनियोजनाच्या नावाखाली गरिबांवर जे अत्याचार झाले तेही आठवतात. तरीदेखील हे एक कलम समंजस होते. ज्या राज्यांनी शिक्षण, आरोग्य आणि स्त्रियांच्या स्थितीत सुधारणा घडवून लोकसंख्यावाढ आटोक्यात आणली त्यांना राजकीय वजन गमावण्याची शिक्षा होऊ नये, हा त्यामागील विचार होता.

हा तराजू हटला तर काय होईल, हे २०११ चे आकडे घेऊन कोणालाही कागदावर करून पाहता येईल. १९७१ च्या हिशेबाने बिहारच्या विधानसभेचे एकूण मतमूल्य ४२,०३९ आणि तामिळनाडूचे ४१,१८४, म्हणजे जवळपास बरोबरी. २०११ ची लोकसंख्या धरली तर बिहार १,०४,००४ आणि तामिळनाडू ७२,०७२. आज बरोबरीने उभे असलेले एक राज्य दुसऱ्याच्या जवळपास दीडपट होते. केरळचे वजन १९७१ च्या हिशेबाने उत्तर प्रदेशच्या चौथ्या हिश्श्याएवढे आहे; २०११ च्या हिशेबाने ते सहाव्या हिश्श्यावर येते. दक्षिणेतील चार राज्यांत, अविभाजित आंध्र धरून, १९७१ साली देशाची २५ टक्क्यांच्या आसपास लोकसंख्या होती. २०११ साली ती २१ टक्क्यांपर्यंत उतरली होती. महाराष्ट्राचा वाटा दोन्ही गणनांत ९ टक्क्यांच्या थोडा वर स्थिर आहे. येथील जन्मदर घटला तरी देशभरातून येथे येणारा कामगार तो वाटा भरून काढतो. मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध गर्जना करणाऱ्यांनी राज्याचे दिल्लीतील वजन कोणाच्या बळावर टिकले आहे, याचाही कधी विचार करावा.

विधानसभांच्या जागा वाढवल्या तर हे टळेल, असा एक भाबडा समज आहे. तो चुकीचा आहे. जागा वाढल्या की एका आमदाराच्या मताचे मूल्य त्या प्रमाणात उतरते. राज्याचे एकूण वजन लोकसंख्येलाच बांधलेले राहते. उलट लोकसभेच्या जागांचे वाटप नव्या लोकसंख्येप्रमाणे झाले तर केंद्राच्या पारड्यातील वजनही त्याच दिशेला सरकेल, कारण प्रत्येक खासदाराच्या मताचे मूल्य सारखे असते, मग तो उत्तर प्रदेशातील वीस-पंचवीस लाखांचा प्रतिनिधी असो की लक्षद्वीपच्या ६४ हजारांचा. म्हणजे दोन्ही पारड्यांत एकाच बाजूला भर. ज्या पक्षाचे बळ उत्तरेच्या पट्ट्यात एकवटलेले आहे त्याला राष्ट्रपती निवडण्यासाठी उरलेल्या देशाकडे वळून पाहण्याची गरज तितकीच कमी होईल.

येथे एक अडचणीचा प्रश्न टाळून चालणार नाही. बिहारच्या शेतमजुराचे मोल १९७१ सालीच का गोठवावे? त्याचा आवाज केरळातील नोकरदारापेक्षा हलका का असावा? एक माणूस, एक मत, एक मोल ही मागणी कष्टकऱ्यांच्या चळवळीने पिढ्यान्‌पिढ्या लढवली आहे. ती सोयीप्रमाणे बाजूला ठेवता येत नाही. बिहारची लोकसंख्या वाढली ती तेथील गरिबांच्या बेजबाबदारपणामुळे नव्हे. जमीनसुधारणा ज्यांनी अडवल्या, शाळा आणि दवाखाने ज्यांनी उभे राहू दिले नाहीत, त्यांचा तो हिशेब आहे. तेव्हा दक्षिणेतील काही पुढारी उत्तरेच्या जनतेविषयी ज्या तुच्छतेने बोलतात तिच्याशी कोणत्याही पुरोगामी माणसाने नाते जोडू नये.

या अडचणीचे उत्तर दोन प्रश्न वेगळे केल्याने मिळते. कायदे करणाऱ्या लोकसभेत माणसांची संख्या मोजली जावी, हा दावा बळकट आहे, आणि त्यावर राज्यांशी मोकळेपणाने बोलून मार्ग काढता येईल. राष्ट्रपती मात्र कायदे करीत नाही, अंदाजपत्रक मांडत नाही. तो संघराज्याचा प्रमुख आहे. राज्यांच्या मंत्रिमंडळांचे आणि विधेयकांचे भवितव्य त्याच्या सहीशी जोडलेले आहे. म्हणून त्याच्या निवडीत राज्ये घटक म्हणून कोणत्या तोलाने उभी राहतात, याला लोकसभेच्या जागांपेक्षा स्वतंत्र महत्त्व आहे. ८४ व्या दुरुस्तीने लोकसभा, विधानसभा आणि राष्ट्रपती निवडणूक या तिन्हींना एकाच दोरीने बांधले. ५५ व्या अनुच्छेदापुरती ती दोरी सोडवून राज्यांमधील प्रचलित तोल कायम ठेवणे हे घटनेच्या मूळ सूत्राला धरूनच होईल.

या बाबतीत घटनेने राज्यांच्या हाती एक हत्यार दिलेले आहे, परंतु त्याची धार उलट्या बाजूला आहे. ३६८ व्या अनुच्छेदाप्रमाणे ५४ आणि ५५ या अनुच्छेदांत दुरुस्ती करायची तर निम्म्याहून कमी नसतील इतक्या राज्य विधिमंडळांची संमती लागते. म्हणजे जुना तोल टिकवण्यासाठी दुरुस्ती हवी असेल तर संसदेचे विशेष बहुमत आणि राज्यांची संमती असे दोन्ही उंबरे ओलांडावे लागतील. तोल बदलण्यासाठी मात्र काहीच करावे लागत नाही. मुदत संपली, आकडे प्रसिद्ध झाले, की तो आपोआप बदलतो. कोणत्याही राज्याला कोणी विचारत नाही. २०२१ साली व्हायची जनगणना पुढे ढकलली गेली. जून २०२५ च्या अधिसूचनेने १ मार्च २०२७ ही संदर्भ-तारीख ठरवण्यात आली, आणि २०२६ नंतरची पहिली जनगणना तीच ठरते. आकडे केव्हा प्रसिद्ध करायचे, जुलै २०२७ च्या आधी की नंतर, हे केंद्र सरकारच्या एका खात्याच्या हाती आहे. देशाच्या सर्वोच्च पदाच्या निवडणुकीचा तराजू एका खात्याच्या प्रकाशन-वेळापत्रकावर अवलंबून राहावा, हे घटनाकारांच्या स्वप्नातही आले नसेल.

राज्यांनी एकत्र बसून असे प्रश्न सोडवावेत म्हणून घटनेच्या २६३ व्या अनुच्छेदात आंतरराज्य परिषदेची तरतूद आहे. या परिषदेची दहावी बैठक २००६ साली झाली आणि अकरावी २०१६ साली. मध्ये दहा वर्षे गेली. मतमूल्याचा प्रश्न या परिषदेपुढे लेखी स्वरूपात ठेवावा, अशी मागणी राज्य सरकारांनी आणि विधानसभांनी ठराव करून केली पाहिजे. महाराष्ट्राचे स्वतःचे वजन दोन्ही हिशेबांत सारखेच राहत असल्याने या राज्याला स्वार्थाचा आरोप चिकटू शकत नाही, आणि म्हणूनच असा पहिला ठराव मुंबईच्या विधान भवनातून येण्यास अडचण नसावी.